पंगतीतला शेजारी

पुण्यात शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला घोडेगाव माहीत नाही, असे सहसा होत नाही. तो धडगावचा असेल नाहीतर किनवटचा, भीमाशंकर त्याने उभ्या जन्मात पाहिलेले नसेल. पण वसतिगृहाची यादी, भत्त्याचा हप्ता, गृहपालांविरुद्धची तक्रार, काहीही अडले की तो म्हणतो, "प्रकल्पात जाऊन यावं लागेल." प्रकल्प म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे घोडेगावचे कार्यालय. पुणे शहरातली शासकीय आदिवासी वसतिगृहे याच्याच अखत्यारीत येतात. शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर, आंबेगाव तालुक्याच्या मुख्य गावी बसून पुण्यातल्या पोरापोरींच्या निजण्या-जेवणाची सोय ठरते. त्याच कागदांवर आणखी एक गोष्ट ठरून जाते आणि तिचा उल्लेख कुठल्याही शासन निर्णयात नसतो. कोणाची कोणाशी दोस्ती होणार, ही ती गोष्ट.

वसतिगृहांच्या वाटचालीचे लेख स्मरणिकांत येतात. त्यांत कोनशिला असतात, देणगीदार असतात आणि खोल्यांची संख्या वाढत गेल्याचा आलेख असतो. मला त्यात जेवणाची पंगत शोधावीशी वाटते. सतराव्या-अठराव्या वर्षी घर सुटलेल्या मुलाचे पहिले मित्र होतात ते त्याच्या ताटाशेजारी बसणारे आणि त्याच्या खाटेशेजारी झोपणारे. हे शेजारी मुलगा निवडत नाही. ते नियमावली निवडते.

वसतिगृहे नव्हती तेव्हा पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या वाटेने मोठी झालेली माणसे पुढे कौतुकाने आठवणी लिहीत, पण ही वाट ब्राह्मणाच्या मुलालाच खुली होती, हे त्या आठवणींत क्वचितच येते. शिवाय रोज वेगळ्या घरी एकट्याने जेवणाऱ्या मुलाला पंगत कुठली आणि शेजारी कुठला? १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांना एका छपराखाली आणले. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला महादेव कोळ्याचा किंवा ठाकराचा पोरगा या हिशेबात तोवर कुठेच नव्हता. त्याला वार देणारे घर नव्हते आणि शाळाही नव्हती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहे काढून जात कशी जाईल, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. महाराजांचा हिशेब व्यवहारी होता. एकत्र जेवा म्हटले असते तर मुले आलीच नसती. आधी ती शहरात येऊन शिकू देत, पंगतीचे मग पाहू. याच मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक दांडगा विद्यार्थी हजर राहिला, परत आल्यावर त्याने विटाळाची अंघोळ करायचे नाकारले आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

पंगतीवरून बाहेर पडलेल्या या माणसाने पुढे पंगतच बदलली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मला त्यातला मंगळसूत्राआधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या घरात चूल एक होती आणि सगळ्या जातींची मुले त्याच चुलीवरचे खात होती, तेही मुलांनीच पाणी भरून, धान्य निवडून, भाकरी थापून. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात भाऊरावांनी याच धर्तीवर युनियन बोर्डिंग काढले. तोवर मराठी मुलुखात असे कुठे होत नव्हते असे नाही, पण रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे, शेकडो मुलांच्या बाबतीत ते घडवून आणणे ही भाऊरावांची करणी.

आंबेगाव-जुन्नरचा या कथेशी संबंध येतो तो थोडा उशिरा. मंचरला रयतचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे. जुन्नरला १९७० साली श्री शिव छत्रपती महाविद्यालय सुरू झाले, घोडेगावला बी. डी. काळे महाविद्यालय झाले. तोवर पदवी घ्यायची तर पुणे. कुकडी-घोडच्या खोऱ्यातल्या बागायतदाराच्या मुलाला सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर जागा मिळे, कोणी नातेवाईक असे. गरीब मुलांसाठी विद्यार्थी सहायक समितीचे दार होते. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेल्या या समितीने ग्रामीण भागातल्या मुलांना पुण्यात राहायला जागा दिली आणि स्वावलंबनाची, श्रमदानाची शिस्त लावली. खेड्यातून आलेल्या लाजऱ्या पोराला ओळख करून घ्यायला हातात काम असले की बरे असते. "तुझं गाव कोणतं" हे विचारायला केरसुणी हातात असताना जितके सोपे जाते, तितके खुर्चीत बसून जात नाही.

डोंगराकडच्या मुलांना मात्र ही दारेही लांब होती. आहुपे, तेरुंगण, निमगिरी या गावांतून निघून तालुक्याला पोचणे हाच एक प्रवास. त्यांच्यापर्यंत वसतिगृह पोचले ते आश्रमशाळेच्या रूपाने. १९४० साली बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने निघालेल्या आदिवासी सेवा मंडळाने ठाणे जिल्ह्यात हे काम सुरू केले होते. शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या त्या १९७०च्या दशकात. नंतर आदिवासी उपयोजना आली, १९८३ साली स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला आणि घोडेगावचे प्रकल्प कार्यालय हे सह्याद्रीच्या या पट्ट्याचे सरकार-दरबारचे दार बनले.

आश्रमशाळेचे गुणदोष हा वेगळा विषय आहे आणि दोषांची यादी मोठी होईल. इथे एवढेच सांगायचे की तिथला मुलगा सहाव्या-सातव्या वर्षी पेटी घेऊन घराबाहेर पडलेला असतो. पेटीला कुलूप लावायचे आणि किल्ली करगोट्याला बांधायची, रांगेत ताट धरून उभे राहायचे, आजारी पडलेल्या दोस्तासाठी भात काढून ठेवायचा, हे तो बाराखडीबरोबरच शिकतो. पुण्याच्या वसतिगृहात तो येतो तेव्हा शहरी मुलाला जड जाणारी गोष्ट, म्हणजे आठ-दहा अनोळखी माणसांत झोपणे, त्याला काहीच वाटत नाही. त्याला जड जाते ते कॉलेज.

निमगिरीच्या डॉ. गोविंद गारे यांचे नाव या पट्ट्यात आदराने घेतले जाते. शिकून ते प्रशासनात गेले, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि महादेव कोळ्यांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या पिढीतले शिकलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. आता पश्चिमेकडच्या जवळपास प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी वसतिगृहात राहून पदवीधर झालेला आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा हिरड्याचा पैसा आहे. बाळहिरडा गोळा करून वाळवायचा, विकायचा आणि पोराच्या प्रवासाला, वह्यापुस्तकांना लावायचा. हिरड्याचा भाव पडला की वसतिगृहातल्या पोराची चप्पल आणखी एक वर्ष चालते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. निवासी शाळांत असल्यामुळे त्या सकाळी गावात नसलेली काही मुले मागे राहिली. वसतिगृह म्हणजे दुसरे घर, असे भाषणांत म्हटले जाते. त्या मुलांसाठी ते काही काळ एकमेव घर झाले.

आता पुण्यात या. हडपसर, मांजरीच्या बाजूला किंवा शहरात इतरत्र, भाड्याच्या नाहीतर सरकारी इमारतीत आदिवासी मुलांचे वसतिगृह. आंबेगावचा पोरगा इथे येतो तेव्हा त्याला वाटते आपण जवळचे, हे आपलेच. खोलीत पाहतो तर एक पावरा, एक गोंड, एक आंध, एक कोकणा. प्रत्येकाच्या घरची बोली वेगळी. पहिले आठ-पंधरा दिवस मराठी हीच सगळ्यांची परकी आणि सामाईक भाषा असते. घरून आलेले नाचणीचे पापड, मोहाची फुले, वाळवलेले मासे खाटेखालून बाहेर येतात आणि कोण काय खातो याची ओळख होते. तोवर "आदिवासी" हा या मुलांसाठी जातीच्या दाखल्यावरचा एक शब्द असतो. गावात तो कोळी असतो किंवा ठाकर असतो आणि ठाकराच्या घरी कोळी जेवेलच असे नाही. पुण्याच्या खोलीत तो आदिवासी होतो. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, हीच खोली ढोल, पिसे आणि पिवळे झेंडे घेऊन मिरवणुकीत उतरते, तेव्हा धडगावच्या मुलाला सह्याद्रीतले बंडकरी राघोजी भांगरे माहीत झालेले असतात आणि आहुप्याच्या मुलाला बिरसा मुंडा.

म्हणजे एका प्रवर्गाला एकाच छताखाली ठेवणे वाईटच, असे सरळ म्हणता येत नाही. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांनी ब्राह्मणेतर चळवळीला माणसे पुरवली. आदिवासी वसतिगृहांनी तेच काम गेल्या तीसेक वर्षांत केले आहे. पण याची दुसरी बाजू कॉलेजात दिसते. सकाळी साडेसातच्या बसने पोरगा कॉलेजात जातो, वर्गात मागच्या बाकावर वसतिगृहातल्याच दोस्ताशेजारी बसतो आणि तास संपला की परत येतो. बाकीचे कॅन्टीनला थांबतात, क्लासला जातात, एकमेकांच्या घरी वाढदिवसाला जातात. तीन वर्षे एका वर्गात काढूनही होस्टेलचे मित्र आणि कॉलेजचे मित्र असे दोन वेगळे कप्पे राहतात, आणि दुसरा पुष्कळदा रिकामाच असतो. समाजकल्याणच्या वसतिगृहांत ८० टक्के जागा अनुसूचित जातींना आणि उरलेल्या इतर प्रवर्गांना, अनाथांना, अपंगांना वाटलेल्या आहेत. हे अगदी थोडे का होईना मिश्रण आहे. युनियन बोर्डिंगच्या पंगतीशी ताडून पाहिले तर ते फार थोडे आहे.

विद्यापीठाच्या आवारातली वसतिगृहे या मानाने मोकळी. तिथे प्रवेश गुणांवर आणि आरक्षणावर, खोली मिळेल ती. ज्याला यादीत जागा मिळाली नाही तो मित्राच्या खोलीत खाली गादी टाकून राहतो. त्याला वसतिगृहाच्या भाषेत पॅरासाइट म्हणतात आणि हा शब्द कोणी मनाला लावून घेत नाही. आज अधिकृत असलेला रहिवासी कधीतरी स्वतः पॅरासाइट होता आणि उद्या त्याचा पाहुणा अधिकृत होईल, ही साखळी सगळ्यांना मान्य असते. सुरक्षारक्षकाला ठाऊक असते, रेक्टरांना ठाऊक असते, तपासणीच्या दिवशी गादी गुंडाळली जाते. पुण्यात स्पर्धा परीक्षा करणाऱ्या ग्रामीण मुलांच्या एका अख्ख्या पिढीचे पहिले वर्ष अशा गादीवर गेले आहे. माझ्या मते विद्यापीठाच्या वसतिगृहांतली सर्वांत टिकाऊ मैत्री हीच. जो दुसऱ्याला स्वतःच्या खोलीत बेकायदा झोपू देतो, त्याने आपली जागा पणाला लावलेली असते.

मग २०१८ साल आले. एप्रिलमध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करायचे ठरवले. डीबीटी. कारणे ऐकायला चुकीची नव्हती. ठेकेदाराचे जेवण, पाण्यासारखी आमटी, किड्यांच्या तक्रारी, उपोषणे. त्यापेक्षा पैसे हातात दिले की मुलगा हवे ते, हवे तिथे खाईल.

तो खाऊ लागलाही. पण हवे तिथे म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी. एक खानावळीत, एक डबा लावून, एक वडापावावर. हप्ता दोन-दोन, तीन-तीन महिने लांबला की खानावळवाला उधारी थांबवी. काही पोरे पैशातले थोडे घरी पाठवू लागली, कारण घरी त्याची गरज जास्त होती, आणि स्वतः एका वेळेवर भागवू लागली. ज्या वेळी सगळे वसतिगृह एका ठिकाणी दिसे, नवा पोरगा कोण आला हे कळे, आज कोण जेवायला आला नाही हे लक्षात येई, तीच वेळ गेली. मेसच्या रांगेत उभे राहून शिव्या घालणे हेही एकत्र जगणे असते, हे धोरण आखणाऱ्याला कसे कळावे?

जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. मेस परत सुरू करा, ही मुख्य मागणी. त्यांची वाट पुणे-नाशिक महामार्गाची, म्हणजे मंचर, नारायणगाव, आळेफाटा. ज्या रस्त्याने आंबेगाव-जुन्नरची पोरे एसटीने पुण्याला शिकायला जातात, त्याच रस्त्याने सगळ्या महाराष्ट्रातली आदिवासी पोरे पावसात उलट्या दिशेने चालत गेली. सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी मोर्चा अडवला आणि विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले. एका खोलीत राहिलेले पावरा, कोळी, गोंड, आंध एकमेकांना ओळखत होते म्हणून असा मोर्चा निघू शकला. बंद झालेल्या पंगतीनेच तो काढला होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आंबेगाव तालुका नुसताच पोरे बाहेर पाठवत नाही. २००९ साली अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून राज्यभरातली मुले इथे येतात. यादीत "अवसरी" हे नाव पाहून अकोल्याच्या किंवा लातूरच्या घरात आधी नकाशा उघडला जातो. पुणे जिल्हा आहे ना, मग ठीक, असे म्हणून बाप पोराला घेऊन येतो आणि मंचरला उतरल्यावर विचारतो, पुणे इथून किती? शहराचे स्वप्न घेऊन आलेल्या मुलाला चारही बाजूंना बटाटा, कांदा आणि ऊस दिसतो.

पण वसतिगृहाच्या दृष्टीने हे आडबाजूला असणे फायद्याचे ठरते. पुण्यातल्या कॉलेजात मुले संध्याकाळी पांगतात. इथे पांगायला जागा नाही. टपरी एक-दोन, मैदान आहे, मंचरची बाजारपेठ आहे, बस. त्यामुळे विदर्भाचा, खानदेशाचा, मराठवाड्याचा आणि कोल्हापूरचा पोरगा सहा महिन्यांत एकमेकांच्या बोलीत भांडू लागतो. काऊन, लगा, लई आणि अहिराणीतली शिवी एकाच वाक्यात ऐकायची असेल तर क्रिकेटच्या मॅचला इथे यावे. दिवाळीनंतर खोलीत येणाऱ्या डब्यांवरून महाराष्ट्राचा नकाशा काढता येईल. जळगावची शेव, सोलापूरची शेंगाचटणी, कोल्हापूरचे तिखट आणि पलीकडच्या खाटेवर कोणाच्या तरी आईने एसटीने पाठवलेले अनारसे.

तालुक्यातला एखादा स्थानिक दोस्त असला की बाकीच्यांची चैन. त्याच्या गावच्या यात्रेला अख्खी खोली जाते. मासवडीचे ताट पुढे आले की शाकाहारी मित्र नाव ऐकून दचकतो, मग बेसनाची आहे कळल्यावर तीनदा रस्सा घेतो. बैलगाडा शर्यती न्यायालयीन बंदीमुळे २०१४ पासून थांबल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि घाट पुन्हा भरू लागले. विदर्भातला पोरगा ते पाहून म्हणतो, आमच्याकडचा शंकरपट. इकडचे लोक म्हणतात, शंकरपट वेगळा, बारी वेगळी. त्यावर होणारा वाद सेमिस्टरभर पुरतो. नारायणगावचा तमाशाही याच अंतरात आहे, पण त्याबद्दल घरी फोनवर सांगितले जात नाही.

अवसरीचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम कडक केले. महाराष्ट्राचा कायदा १९९९चा, पण देशभर खरी जाग आली ती मार्च २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर. नव्या विनियमांनुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात ठेवायचे. याबद्दल तक्रार करायला जागा नाही, जीव वाचले आहेत. तरी त्याची एक किंमत आहे. जुनी पुस्तके, प्रश्नपत्रिका, कोणत्या सरांकडे कोणत्या वेळी जायचे, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, हे सगळे ज्ञान सीनियरच्या खाटेवर बसून मिळत असे. ज्याच्या घरात आधी कोणी इंजिनियर झालेले नाही, त्याला या ज्ञानाची गरज सर्वांत जास्त, आणि पहिल्या वर्षी तोच त्याच्यापासून दूर राहतो. चांगली महाविद्यालये यावर दिवसाउजेडी भेटी घडवण्याचा तोडगा काढतात. बाकीची मुले फोनवरच्या ग्रुपवर भागवतात.

मुलींच्या वसतिगृहाची कथा याच पानांवर लिहिली तर अर्धवट होईल, पण एक फरक नोंदवायलाच हवा. मुलांची मैत्री फाटकाबाहेर जुळते. टपरीवर, मैदानात, रात्री अकराच्या चहावर. मुलींचे फाटक संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून त्यांची मैत्री आत जुळते. गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, एकमेकींच्या केसांना तेल लावताना. घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या वसतिगृहात शिकलेल्या मुलीला मैत्रीण म्हणजे जिला घरी न सांगितलेले सांगता येते ती. तेरावी-चौदावी चालू असताना घरून लग्नाचा विषय निघतो, तेव्हा बापाला फोन करून "काका, तिची परीक्षा होऊ द्या" म्हणणारी पहिली व्यक्ती बहुधा खोलीतलीच असते. लग्नानंतर मात्र या मैत्र्या मुलांच्या मैत्रीपेक्षा लवकर तुटतात. मुलगा पाच वर्षांनी पुण्याला आला की जुन्या खोलीतल्या दोस्ताकडे मुक्काम करतो. सासरी गेलेल्या मुलीला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायची मुभा अजून फारशी मिळत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळी वसतिगृहे काही दिवसांत रिकामी झाली. डोंगराकडची मुले घरी गेली तेव्हा पुण्यातल्या खोलीत असलेले नेटवर्क मागे राहिले. तास ऑनलाइन, फोन एकच, तोही भावाचा आणि रेंज वरच्या माळावर. त्या काळात ज्यांनी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्यांचे पदवीचे अर्धेअधिक शिक्षण वसतिगृह न बघता झाले. त्यांच्या पदवीत कमी काय पडले हे गुणपत्रिकेवर दिसत नाही.

आज ज्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्याला पैसे मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, इतर मागासवर्गीयांसाठी आधार, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता. इतर मागासवर्गीयांची स्वतंत्र वसतिगृहेही निघू लागली आहेत. प्रत्येक विभागाची आपली यादी, आपला अर्ज, आपले छप्पर. जातवार बोर्डिंगे काढताना शाहू महाराजांच्या मनात ती एक पायरी होती. शासनाची यापुढची पायरी कोणती, हे कुठल्या कागदावर मला आढळलेले नाही.

मुले मात्र स्वतःची पंगत जमवतात. स्वयम्चा हप्ता मिळणारे चार-पाच जण मिळून खोली घेतात, त्यात एखादा स्वाधारवाला असतो, एखादा मराठ्याचा, ज्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. शेगडी एक, कुकर एक. खर्चाची वही ज्याचे अक्षर बरे त्याच्याकडे. भाकरी करायचा दिवस ठरलेला असतो आणि पोळी कोणालाच येत नाही म्हणून ती विकत आणली जाते. ज्याचा हप्ता आधी जमा होतो तो त्या महिन्याचे भाडे भरतो आणि बाकीच्यांचे पैसे आल्यावर वहीत वळते होतात. जूनमध्ये आहुप्याहून किंवा निमगिरीहून नवा पोरगा येतो, तो आधी घोडेगावला प्रकल्पात अर्ज टाकतो आणि तिथून पुण्याची एसटी धरून थेट या खोलीवर येतो. यादी लागेपर्यंत दीड-दोन महिने जातात. तोवर त्याचे नाव वहीत सहावे म्हणून लिहिले जाते, निम्म्या हिश्श्याने.